एकशे एक लांब पोळ्या

सरूताई गेल्याचा फोन त्यांच्याच नंबरवरून आला. नऊला पोचते असं आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, आणि साडेदहा वाजले तरी बाईंचा पत्ता नव्हता. दोनदा चहा उकळून झाला होता, कुकर उतरवून झाला होता, आणि आल्यावर त्यांना काय काय ऐकवायचं याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं आणि मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले, की ताई, वेळ पाळता येत नसेल तर सांगत जाऊ नका, आम्हाला काय दुसरे उद्योग नाहीत का.  मग त्यांच्या शेजारणीचा आवाज आला, कोराडीच्या वसाहतीतल्या. आंघोळ करून केस पुसत पलंगावर बसल्या आणि तशाच आडव्या झाल्या, एवढंच तिनं सांगितलं. सरूताईंशी माझं शेवटचं बोलणं हे असं, त्यांच्या फोनशी केलेलं भांडण. आणि नेहमीप्रमाणे तेही त्यांनी ऐकून घेतलं नाही.

हे बाहेरच्या खोलीत होते. हे म्हणजे माझे यजमान विनायक, सरूताईंचे आठ वर्षांनी धाकटे भाऊ. यांची दृष्टी चार वर्षांपूर्वी पूर्ण गेली. मी फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, तर यांनी विचारलं, “निघाली का ती?” माझ्या तोंडून शब्द फुटेना. हे म्हणाले, “कवा?” तेव्हा मी सांगितलं. माझ्या गप्प बसण्यातून यांना हल्ली बरंच कळतं.

आता सात आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं सांगतात की ताई फार मोठ्या मनाच्या होत्या, फार प्रेमळ होत्या. होत्या ना, मी कुठे नाही म्हणते? पण ही सगळी माणसं त्यांच्या हातची पोळी खाऊन घरी जाणारी. तेहतीस वर्षं त्यांची भावजय होऊन राहिलेली मी एकटीच आहे. तेव्हा मी लिहिणार ते माझ्या पद्धतीनं, म्हणजे तक्रारीसकट. ज्यांना हे आवडणार नाही त्यांनी पुरवणीचं पान उलटावं.

मी लग्न होऊन शहराच्या कडेला असलेल्या वाडी गावातल्या या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सरूताईंनी माझा मसाल्याचा डबा उघडला, हळद नाकाशी धरली आणि म्हणाल्या की ही जुनी आहे. माहेरून आणलेली हळद होती ती. तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत. त्या न कळवता यायच्या, कोराडीहून बस बदलून, आणि आल्या की पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरायच्या. माझे डबे उंचीप्रमाणे लावायच्या. मी पुन्हा माझ्या सोयीनं लावायची. पुढच्या खेपेला त्या पुन्हा उंचीप्रमाणे. खिडकीच्या गजावरून बोट फिरवून मला दाखवायच्या की बघ किती धूळ आहे. आमच्या घरामागे ट्रान्सपोर्टची गोदामं, दिवसरात्र ट्रक, धूळ असणारच. पण हे सांगणारी बाई स्वतः कुठे राहते, तर वीजकेंद्राला लागून असलेल्या वसाहतीत, जिथे सकाळी झाडलेल्या ओसरीवर दुपारी राखेत नाव लिहिता येतं. हे मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाल्या, “म्हणूनच तं मले दिसते.”

यांची आई लवकर गेली. हे तेव्हा सहा वर्षांचे आणि सरूताई चौदाच्या. तिथून यांचं सगळं त्यांनीच केलं. पुढे लग्न झालं, यजमान वीजकेंद्रात होते, ते तरुणपणीच गेले, मूलबाळ नव्हतं. मग त्यांनी लांब पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. आमच्याकडच्या लोकांना लांब पोळी सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. चुलीवर मडकं उलटं ठेवायचं. कणीक अशी सैल आणि चिवट भिजवायची की ती हातातून खाली लोंबली पाहिजे पण तुटता कामा नये. त्यासाठी पाण्याचा हात लावत लावत परातीत ती उचलून आपटायची, अर्धा-पाऊण तास. मग एक गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत वाढवायचा, तो मनगटापासून कोपरापर्यंत पसरला की झटक्यात मडक्यावर टाकायचा. कागदासारखी पोळी होते, घडी घालून ठेवायची. हे काम भल्याभल्या सुगरणींना जमत नाही. मला तर नाहीच जमलं. सरूताईंनी तीन वेळा शिकवलं आणि चौथ्या वेळी माझ्या हाताकडे बघून नुसता सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मी अजून विसरलेले नाही.

यांना साखरेचा त्रास जुना. वाडीच्याच एका गोदामात सुपरवायझर होते, वेळीअवेळी खाणं, तपासणीकडे कानाडोळा. आधी उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके आले, मग पडदा. लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली, सगळं वेळेच्या पुढे गेलेलं. दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. नोकरी सुटली, आणि हे बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर बसले ते बसलेच. सकाळी बसायचे, दुपारी तिथेच आडवे व्हायचे, संध्याकाळी पुन्हा बसायचे. मी यांचं सगळं करत होते. दाढी करून देत होते, बटणं लावत होते, बाथरूमपर्यंत हाताला धरून नेत होते, भाकरीचा घास भाजीत बुडवून हातात देत होते. सगळे नातेवाईक म्हणायचे, शोभानं नवऱ्याचं किती केलं. मलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. दुसरं बरं वाटण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

सरूताई एक दिवस जेवायच्या वेळेला आल्या. मी यांच्या हातात घास देत होते, त्या समोर बसून बघत राहिल्या. जेवणं झाल्यावर माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. मला वाटलं आज तरी दोन चांगले शब्द बोलतील. त्या म्हणाल्या, “शोभा, डोळे त्याचे साखरेनं गेले. पण आंधळा त्याले तू करून राहिली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं पातेलं मी असं आदळलं की त्याला अजून पोचा आहे. मी म्हटलं, तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा येता, दोन तास बसता, इथे रात्रंदिवस कोण असतं? त्या पिशवी उचलून बस पकडायला गेल्या. महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या मात्र रोज फोन करायच्या, मी उचलला नाही की यांच्या फोनवर करायच्या, आणि भावाला मोठ्यानं सांगायच्या, म्हणजे मला ऐकू जावं, की शोभाले सांग, माह्यावर रागवली तं रागव, पण तुह्या चपला तुले शोधू दे.

त्याच सुमारास त्यांना शहरातली ती संस्था सापडली. मोठ्या वयात दृष्टी गेलेल्या माणसांना पुन्हा चालायला, घरातली कामं करायला शिकवणारी, दोन खोल्यांची. सरूताईंनी यांना सांगितलं, चल. हे म्हणाले, मी काही आंधळ्यांच्या शाळेत जाणार नाही. पुष्कळ वादावादी झाली. शेवटी हे चिडून म्हणाले की मले काही दिसतच नाही तं मी करू काय. त्यावर सरूताई म्हणाल्या, “पाहून कर असं कोण म्हणते तुले? करून पाह म्हणते मी.”

आपण मराठीत दिवसातून दहादा म्हणतो, चाखून पाहा, विचारून पाहा, हात लावून पाहा. त्यात पाहायला डोळे लागतच नाहीत, हे माझ्या आयुष्यात मला कधी सुचलं नव्हतं. सरूताईंना सुचलं, आणि मग त्यांनी ते आमच्या डोक्याला पिन टोचावी तसं वापरलं. मोबाइल लागत नाही म्हटलं की लावून पाह. झोप येत नाही म्हटलं की पडून पाह. हे तोंड फिरवून बसायचे.

भाऊ जात नाही म्हटल्यावर बहीण स्वतः त्या संस्थेत जाऊ लागली. धडधाकट डोळ्यांची बाई, आठवड्यातून एकदा कोराडीहून जायची आणि कोपऱ्यात बसून यायची. तिथे प्रज्ञा नावाची शिक्षिका आहे, तिशीतली, जन्मापासून न दिसणारी, अत्यंत शांत. तिच्याकडून सरूताईंना कळलं की संस्थेला शिकवण्यासाठी स्वयंपाकघर हवं आहे. शेगडी, ओटा, भांडी, सगळं हाताला सापडेल असं रचलेलं. मदत गोळा करायची होती. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. “शोभा, मी डोळ्याले पट्टी बांधून एकशे एक लांब पोळ्या करून राहिली. संस्थेसाठी. लोकाईनं एकेका पोळीमागं जे द्यायचं ते द्यावं. आणि हे तुह्या आंगणात होईल.”

मी विचारलं, माझ्याच अंगणात का? तर म्हणे कोराडीत वाऱ्यानं कणकेत राख पडते. मी म्हटलं, ताई, वय अडुसष्ट, समोर जाळ, अंगावर लुगडं, डोळ्यांवर पट्टी, काही झालं तर लोक मला विचारतील. म्हणाल्या, लोकाईले चहा दे. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं होतं, फरक इतकाच की भिंत उलट बोलत नाही.

मग दोन महिने आमच्या अंगणात सराव. चूल मांडली, मडकं आलं, माझी सगळ्यात मोठी परात त्यांनी ताब्यात घेतली. पट्टी म्हणजे यांच्या जुन्या धोतराची चौपदरी घडी. पहिल्या दिवशी सात पोळ्या केल्या, त्यातल्या पाच राखेत पडल्या, एक मडक्याच्या कडेवरून घसरून जाळात गेली आणि एक माझ्या पायावर आली. चारही बोटं पोळली. तोंड मात्र चालूच, चुलीला शिव्या, मडक्याला शिव्या, कुंभाराच्या सात पिढ्यांना शिव्या. मी तूप घेऊन धावले तर पट्टी न सोडता म्हणाल्या, तूप तिकडं ठेव आणि कुठं ठेवलं ते सांग. घेते मी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, त्या परातीत कणीक आपटत होत्या आणि पोळी काही केल्या वाढत नव्हती, फाटत होती. आतून, दिवाणावरून, यांचा आवाज आला. “बाई, पाण्याचा हात लाव. कोरडी वाजून राहिली.”

 मी सरूताईंकडे बघितलं. पट्टीखालचे त्यांचे ओठ हलत नव्हते. त्यांनी पाण्याचा हात लावला, पुन्हा आपटली, विचारलं, “आता?” आतून उत्तर आलं, “अजून.” असं चार-पाच वेळा झालं. हे लहानपणापासून त्या आवाजात वाढलेले, भिजलेली कणीक परातीवर आपटताना कशी बोलते ते यांच्या कानांना ठाऊक होतं. त्या दिवशीची पोळी मनगटापासून कोपरापर्यंत गेली आणि फाटली नाही.

पुढे मला संशय येऊ लागला, आणि अजूनही आहे, की पन्नास वर्षं लांब पोळ्या करणाऱ्या बाईला कणकेचं पाणी खरोखरच चुकत होतं का. मी एकदा स्पष्ट विचारलं. म्हणाल्या, वय झालं शोभा, हाताले समजत नाही आता. आणि हे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी तक्रार केली की आतून बोललेलं नीट ऐकू येत नाही. मग हे दारापाशी खुर्चीवर बसू लागले. मग चुलीच्या धुरामुळे खुर्चीची जागा बदलावी लागली, ती पायरीखाली आली. धूर उलट दिशेला जात होता, मला दोन डोळे आहेत. एके दिवशी मी बाजारातून आले तर हे अंगणात पाटावर बसून परातीत कणीक आपटत होते, बाह्या कोपरावर, कपाळाला पीठ. सरूताई शेजारी बसून शेंगदाणे खात होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी वाटलं ते असं, की दोन वर्षं मी हातात घास दिले तेव्हा हा माणूस असा हसला नव्हता.

कार्यक्रमाच्या बॅनरचा मजकूर मी दिला. सरूताईंनी फोनवर सांगितलं होतं की मोठ्या अक्षरात ‘करून पाहा’ लिही, खाली त्यांचं नाव, दिवस, पत्ता. मी लिहून फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. बॅनर आलं, अंगणाच्या भिंतीवर चढलं, आणि मग सगळ्यांनी वाचलं. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सरूताईंचा हात जोडलेला फोटो आणि वर हातभर अक्षरात, ‘पाहून करा’. फ्लेक्सवाल्याची चूक म्हणून मी तणतणत फोन काढला, तर माझ्या मेसेजमध्ये तसंच होतं. दिवसभर मी यांना तेच सांगत असायचे ना, पाहून, हळू, पाहून... बोटांनीही तेच लिहिलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी नवीन करून आणते म्हटलं. सरूताईंनी करू दिलं नाही. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हाताला धरून बॅनरपाशी नेलं आणि सांगितलं की हे आमच्या शोभानं लिहिलं, फार काळजी तिले. इतक्या कौतुकानं सांगत होत्या की मला रागावताही येईना.

रविवारची सकाळ होती. कोराडीच्या वसाहतीतल्या बायका आल्या, गल्लीतले लोक आले, गोदामांवरचे ड्रायव्हर-क्लीनर गाड्या लावून आले, संस्थेची माणसं आली. काटोलहून यांचे मावसभाऊ बंडूभाऊ आले. संत्र्यांचे व्यापारी, माणूस मनाचा उदार, पण प्रत्येक गोष्टीत नियम. त्यांनी एका पोळीमागं सगळ्यांत मोठा आकडा बोलला होता, आणि म्हणून खुर्ची चुलीसमोर टाकून मोजायला बसले होते. आठ वाजता सरूताईंनी पट्टी बांधली. प्रज्ञा त्यांच्या उजवीकडे. हे डावीकडे, परातीशी. मी कुठेच नव्हते, चहा करत होते.

पहिल्या चाळीस झरझर झाल्या. मडकं कुठे आहे ते त्या चेहऱ्यावर लागणाऱ्या धगीवरून ओळखायच्या, डावा हात हवेत धरून एक क्षण थांबायच्या आणि टाकायच्या. लोक टाळ्या वाजवत होते, ड्रायव्हर मंडळी गरम पोळी झुणक्याबरोबर उभ्याउभ्या खात होती. पन्नासनंतर हात मंदावला. साठच्या पुढे पोळ्या फाटू लागल्या आणि बंडूभाऊ फाटलेली पोळी मोजणीत धरेनात. त्रेसष्टाव्या पोळीला सरूताईंचा उजवा हात कोपरातून आखडला आणि वर उचलेचना. सगळे म्हणाले, पुरे झालं ताई, आम्ही पूर्ण एकशे एकाचे देतो. संस्थेच्या माणसांनी हात जोडले. मी तर परात उचलायलाच वाकले. सरूताई पट्टी न सोडता म्हणाल्या की एकशे एक म्हटलं तं एकशे एक. आणि मग शेजारी वळून अगदी सहज, मीठ दे म्हणावं तसं म्हणाल्या, “विनू, टाक आता तू.”

यांनी लहानपणी बहिणीच्या शेजारी बसून पोळ्या टाकल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसानं पापडसुद्धा भाजला नव्हता. यांनी हात ओले केले, गोळा घेतला, चुलीकडे सरकले, आणि मी ओरडले. खरंच ओरडले. धावत जाऊन मनगट धरलं. समोर एवढा जाळ, एवढी माणसं... सरूताई काही बोलल्या नाहीत. बोलली ती प्रज्ञा, तिच्या त्या शांत आवाजात. “काकू, हात सोडा. मडकं कुठं आहे ते तोंडानं सांगा त्याईले.”

मी हात सोडला. मी म्हटलं, तुमच्या समोर, एका हातावर, थोडं डावीकडे. 

आणि इथे बंडूभाऊ उठले. म्हणाले, थांबा, हे नियमात नाही. ठरलं होतं डोळ्यांवर पट्टी बांधून, विनूभाऊच्या डोळ्यांवर पट्टी कुठे आहे? अंगणातली माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. एका ड्रायव्हरनं हळूच म्हटलं की भाऊ, त्याईले दिसत नाही. बंडूभाऊ म्हणाले, ते मले माहीत आहे गा, पण नियम म्हणजे नियम, मी पट्टीचे पैसे बोललो आहे. मी आयुष्यात कोणावर हात उचललेला नाही, पण त्या क्षणी माझ्या हातात उलथनं होतं आणि बंडूभाऊंचं टक्कल फार जवळ होतं.

तर हे हसायला लागले. पोट धरून, खांदे हलवून हसायला लागले. सरूताईंनी एका हातानं आपली पट्टी ओढून काढली, धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ती माझ्यापुढे धरली. यांनी मान माझ्याकडे केली. म्हणाले, “बांध वं. बंडूभाऊचं समाधान होऊ दे.”

मी माझ्या हातांनी माझ्या आंधळ्या नवऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. ज्या डोळ्यांसाठी मी दवाखान्यांचे उंबरे झिजवले, ज्यांत दिवसातून चारदा थेंब टाकले, त्यांच्यावर. गाठ मारताना मला रडू आलं आणि रडता रडता हसूही आलं, इतकं मूर्ख वाटत होतं ते सगळं. यांची पहिली पोळी फाटली. तिच्यानंतरचीही फाटली. त्यानंतरची बंडूभाऊंनी धरली. मी एक हात उजवीकडे, अजून पुढे, हां टाका, असं सांगत राहिले आणि दुपारी दोनपर्यंत एकशे एक झाल्या. शेवटच्या कितीतरी जाड होत्या, करपल्या होत्या, कोणी खाण्यासारख्या नव्हत्या. बंडूभाऊंनी मात्र त्यांतल्या दोन काटोलला बांधून नेल्या.

संस्थेचं स्वयंपाकघर झालं. दर मंगळवारी सरूताई कोराडीहून यायच्या आणि यांना शहरात घेऊन जायच्या. हे चहा करायला शिकले, पांढरी काठी घेऊन चालायला शिकले. आमची भांडणं काही संपली नाहीत, नवीन सुरू झाली. सरूताईंचं म्हणणं, आता विनू एकटा येईल. माझं म्हणणं, अमरावती रोडवर मी यांना एकटं सोडणार नाही, ट्रक बघितलेत का? त्या म्हणायच्या, बसचा थांबा आपल्याच बाजूले आहे, येताना संस्थेचं कोणी ना कोणी रस्ता ओलांडून देते. मी म्हणायचे, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. आम्ही दोघी तावातावानं भांडायचो आणि हे मधे बसून चहा प्यायचे. त्यांचा भाऊ, माझा नवरा, आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. हा वाद तसाच सोडून त्या गेल्या. शेवटचा शब्द आपला राहावा अशी माझी फार इच्छा असायची. तो आता माझाच राहिला, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

त्या गेल्यावर हे पुन्हा दिवाणावर बसले. काठी कोपऱ्यात. मंगळवार आला आणि गेला, असे सहा आले आणि गेले. मी काही म्हटलं नाही. म्हटलं, माणसाला दुःख करू द्यावं. आणि खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं. हे घरात होते, माझ्या डोळ्यांसमोर होते, रस्ता नव्हता, ट्रक नव्हते. मी पुन्हा बटणं लावू लागले.

परवाच्या सोमवारी बंडूभाऊंनी संत्री पाठवली. मी दिवाणापाशी बसून एक सोललं, शिरा काढल्या, बिया काढल्या आणि फोड पुढे केली. यांनी हात पुढे केला नाही. तोंड उघडलं. मी फोड तोंडात ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी हातात घेतली आणि तिथेच थांबले. आता मागून स्वयंपाकघरात येऊन मला टोचून बोलणारं कोणी नव्हतं. मला सरूताईंचा इतका राग आला म्हणून सांगू... बोलायचं काम स्वतःचं आणि ते माझ्या गळ्यात टाकून निघून गेल्या. मला त्यांची इतकी आठवण आली की मी ती फोड तशीच हातात धरून बसले.

मग मी उरलेलं संत्रं यांच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, उद्या मंगळवार आहे.

हे म्हणाले, “कोण नेईल?”

मी म्हटलं, “मी नेणार नाही.”

 यांनी संत्र्याची एक फोड सुटी केली, बी चावली गेली म्हणून तोंड वाकडं केलं, आणि दुसरी सोडवायला लागले.

काल सकाळी यांनी स्वतः दाढी केली, हनुवटीखाली थोडी राहिली, मी सांगितलं नाही. काठी घेतली, पायरी उतरले, फाटक उघडलं. मी म्हणाले होते की आतच थांबेन, पण पाय ऐकेनात, फाटकापर्यंत गेले. हे भिंतीच्या कडेनं काठी टेकवत चालले होते, सावकाश, खांदे थोडे वर. पुढे गल्ली संपते तिथे अमरावती रोड, आणि त्यावरून ट्रकमागून ट्रक. मी चप्पल न घालता, आवाज न करता उभी होते. वीस-पंचवीस पावलांवर हे थांबले. मागे वळले नाहीत, तसेच रस्त्याकडे तोंड करून बोलले.

“आत जाय वं. दिसून राहिली तू मले.”

मी आत आले. दार मात्र लावलं नाही.